कळसच्या माळावरचं दुसरं कोकरू

प्रिय ईशा, रोहन आणि तारा,

हे मी इंग्रजीत लिहिलं असतं तर ईशाने आपल्या खोलीत बसून दहा मिनिटांत एकटीने वाचून टाकलं असतं. मराठीत लिहिलं की तुमच्या आईला, माधवीला, मध्ये बसवावं लागतं. एक जण या कुशीला, एक त्या कुशीला, तारा मांडीवर, आणि तिला मोठ्याने वाचावं लागतं. मला ते चित्र डोळ्यांपुढे हवं आहे, म्हणून मराठी.

ईशा, तुझं पत्र महिनाभर माझ्या टेबलावरच्या काचेखाली होतं. स्कॉटलंडमध्ये एका मोठ्या मेंढीच्या कासेतल्या पेशीपासून हुबेहूब तशीच दुसरी मेंढी जन्माला घातली, ते तुमच्या शाळेत शिकवलं. एका मेंढीची पेशी, दुसरीचं बीजांड, तिसरीचं पोट. ‘मग तिची खरी आई कोणती? वर्गात तीन उत्तरं आली. आजी, तू बायॉलॉजी शिकवायचीस, तू सांग.’

बत्तीस वर्षं शिकवलं मी. उत्तर लिहायला चार वेळा बसले. जनुकांच्या दृष्टीने पाहिलं तर अमुक, गर्भाच्या दृष्टीने पाहिलं तर तमुक. प्रत्येक वेळी वाचून पाहिलं आणि कागद फाडला. बरोबर होतं, पण ते उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर मला वाचताना सारखी तारा आठवत होती. तिकडे परदेशात तिला वर्ष पुरं झालं आणि मी तिला अजून हातात घेतलेलं नाही. फोनवर तुम्ही तिच्या कानाला रिसीव्हर लावता, मी ‘तारा, तारा’ म्हणते, आणि ती रिसीव्हर चावते.

तेवढ्यात सुनंदाचं पत्र आलं. ‘बाई, तुम्हाला मेंढ्या पाहायच्या असतील तर आत्ता या. सध्या कोकरं होताहेत.’ मी बॅग भरली. दोन साड्या, दोन टॉवेल, थर्मास, जंतुनाशक साबण, छत्री, वही. यादी करून, यादीवर खुणा करून. त्या यादीतल्या एका वस्तूने पुढे काय घोटाळा केला ते येईलच.

बारामती, मंगळवार

सुनंदा माझी जुनी विद्यार्थिनी. बेडूक कापायच्या तासाला बाकीच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या, तेव्हा ही स्वतःचा कापून शेजारणीचाही कापून द्यायची. आता ती पशुवैद्य आहे, बारामतीत राहते आणि इंदापूर तालुक्यातल्या गावांमधून मेंढ्यांच्या एका संशोधनाचं काम पाहते. एसटी स्टँडवर ती मला न्यायला मोटरसायकल घेऊन आली. तुमच्या आजीने मांडीवर थर्मास आणि बगलेत छत्री धरून, एका बाजूला पाय सोडून, डोळे बंद ठेवून बारामती पाहिली.

रात्रीच्या जेवणात बाजरीची भाकरी, मेथी आणि शेवटी केळी होती. सुनंदाने एक केळं माझ्यापुढे धरलं. “बाई, हे बाटलीतलं. एका चांगल्या झाडाचा नखाएवढा तुकडा काचेच्या बाटलीत वाढवला, त्याची शेकडो रोपं केली. सगळी एकसारखी. मेंढीचं पेपरात आलं, केळीचं कुणी विचारत नाही.”

“केळीला आई कोण, असं कुणी विचारत नाही म्हणून,” मी म्हणाले.

मग तिने तिचं काम समजावून सांगितलं. आपल्याकडची मेंढी एका वेळी एकच कोकरू देते, जुळं क्वचितच. बंगालच्या टोकाला, समुद्राकाठच्या दलदलीत एक ठेंगणी मेंढी असते, ती सहज दोन देते, कधी तीन. हा गुण बहुधा एकाच जनुकावर आहे. ते जनुक नेमकं कुठे दडलं आहे ते अजून कुणाला सापडलेलं नाही, जगभर शोध चालू आहे. तोवर इथे बंगालचे मेंढे आणून इथल्या मेंढ्यांशी संकर करायचा, त्यांच्या लेकी वाढवायच्या आणि त्या लेकींना किती कोकरं होतात ते लिहून ठेवायचं.

“एवढं मोठं संशोधन, पण सगळं येऊन ठेपतं कोकरं मोजण्यावर,” सुनंदा म्हणाली. “आणि आमचे मोजणारे म्हणजे आबा. उद्या बघाल.”

कळस, बुधवार

कालव्याचं पाणी पोचतं तिथपर्यंत ऊस आहे, हिरवा, माणसाच्या वर गेलेला. पाणी संपतं तिथे ऊस असा संपतो, जणू कुणीतरी कात्रीने कापलाय. पुढे नुसता माळ. पिवळं गवत, बोरी, मधूनच दगड. रोहन, त्या गवतात मी तीन चिंकारा हरणं पाहिली. ती शेपटीने सारखी माशी हाकलल्यासारखं करतात.

आबांचं घर त्या हिरव्या-पिवळ्याच्या सीमेवरच आहे. आबांचे वडील वर्षातले आठ महिने मेंढरांमागे फिरायचे. आबांनी स्वतः निम्मं आयुष्य तसं काढलं. आता घरचा ऊस आहे, मुलगा भवानीनगरला साखर कारखान्यात कामाला आहे, आणि मेंढरं उरलीत ती तीस-पस्तीस. ती आबा आणि सून कमल सांभाळतात. आबा उंच, वाळके, डोक्याला लाल पागोटं. मला पाहून हात जोडले आणि लगेच सुनंदाकडे वळून म्हणाले, “डाक्टरीण बाई, चूक झाली माझ्याकडनं.”

“चूक कसली?” कमल घरातून बाहेर येत म्हणाली. तिशीची, हसऱ्या डोळ्यांची बाई. “आमचं आबा लई इमानदार. सवताचंच कोकरू उचलून दुसऱ्याला दिऊन आलं.”

झालं होतं ते असं. इथली पद्धत आहे की दिवसभर कोकरं काटेरी कुंपणाच्या वाड्यात राहतात आणि मेंढ्या चरायला जातात. संध्याकाळी कळप परतला की कोकरं सोडायची. मग जो आरडाओरडा होतो तो मी नंतर ऐकला. प्रत्येक कोकरू ओरडत आपल्या आईला शोधतं, प्रत्येक आई हुंगून पाहते. आबा मधोमध उभे राहतात आणि जोड्या लागल्या का ते पाहतात. एखादं कोकरू उरलं तर ते दुसऱ्या कुणाच्या कळपातलं, चुकून आलेलं. ते त्याच संध्याकाळी ज्याचं त्याला नेऊन द्यायचं. आबांच्या वाड्यात परक्याचं कोकरू एक रात्रही राहिलेलं नाही, आणि याचा आबांना मोठा अभिमान.

सोमवारी संध्याकाळी तोडलेल्या उसाच्या रानात दोन मेंढ्या व्याल्या. एक आबांकडची भुरी, म्हणजे सुनंदाच्या संकरातली, पहिलटकरीण. दुसरी टिकली, शेजारच्या सोनाबाईंची. भुरी एका कोकराला चाटत होती. दहा पावलांवर दुसरं कोकरू ओलं पडलेलं, आणि त्याच्या पलीकडे टिकली उभी. दोन मेंढ्या, दोन कोकरं. आबांनी दुसरं उचललं, पुसलं आणि सोनाबाईंच्या दारात नेऊन ठेवलं. टिकलीने ते हुंगलं आणि लाथ मारली. आणि मंगळवारी सकाळी कमलला उसाच्या पाचटाखाली टिकलीचं खरं कोकरू सापडलं, मेलेलं.

“दोन मेंढ्या, तीन कोकरं,” कमल म्हणाली. “मग मी म्हनलं, आबा, जुळं हाय ह्ये.”

“जुळं मी अख्ख्या जल्मात चार-पाचदा बघितलंय,” आबा म्हणाले. “पहिलटकरनीला तर कधीच न्हाय. मला काय सपान पडतंय?”

सुनंदाने सोनाबाईंकडे जाऊन कोकरू पाहिलं. आखूड कान, बुटके पाय. बंगालच्या आजोबाचा ठसा स्पष्ट होता. तिने ते उचलून भुरीपुढे आणून ठेवलं. त्याची जन्मदात्री आई, विज्ञानाच्या दृष्टीने शंका नाही. कोकरू लटपटत कासेकडे गेलं. भुरीने मान वळवली, त्याचा मागचा भाग हुंगला आणि डोक्याने असं ढकललं की ते उताणं पडलं. मग आपल्या पहिल्या कोकराला घेऊन ती चालू लागली. सुनंदाने तिला धरून आणलं, दोनदा, तीनदा. तीनही वेळा तेच.

मला नवल वाटलं नाही, कारण हा धडा मी शिकवलेला आहे. मेंढी व्याल्यावर पहिल्या काही तासांत कोकराला चाटते, त्याचा वास मनात ठसतो, आणि मग दार बंद होतं. त्या वेळी जे तिच्याजवळ नव्हतं ते तिचं नाही, पोटचं असलं तरी. मी हे फळ्यावर आकृती काढून शिकवत असे. आकृतीत कोकरू ओरडत नसे.

दोन दिवस सोनाबाई त्याला शेळीचं दूध चमच्याने पाजत होत्या. पोट फुगलं होतं आणि मान धरत नव्हतं. सुनंदा हळूच मला म्हणाली, “बाई, दोन दिवसांत कुठल्या तरी मेंढीने घेतलं नाही तर हे जाईल.”

सोनाबाई एकट्याच राहतात. त्यांच्याकडे तीनच मेंढ्या. बोलणं थोडं. त्यांनी कोकराकडे पाहिलं, मग टिकलीकडे. टिकलीची कास दुधाने ताठली होती. सोमवारपासून ती सारखी उसाच्या त्या रिकाम्या रानात जायची, जिथे ती व्याली होती तिथे उभी राहायची आणि पाचटाकडे तोंड करून ओरडायची. आम्ही ऐकत होतो तेव्हाही ओरडत होती.

“ही आई हाय, तिला लेकरू न्हाय,” सोनाबाई म्हणाल्या. “ह्ये लेकरू हाय, त्येला आई न्हाय. बघू मीठ लावून.”

त्यांनी टिकलीचं थोडं दूध काढलं, ते कोकराच्या पाठीला, डोक्याला, शेपटीखाली चोळलं आणि वरून बारीक मीठ लावलं. टिकलीला कोपऱ्यात दाव्याने बांधलं आणि कोकरू तिच्या तोंडाशी ठेवलं. मेंढीला मीठ फार आवडतं. टिकलीने आधी पाय आपटले, मग जीभ बाहेर काढली, एकदा चाटलं, थांबली, पुन्हा चाटलं.

“आता रातभर ऱ्हाऊ द्या दोघांना,” सोनाबाई म्हणाल्या. “कुनी हात लावायचा न्हाय.”

संध्याकाळी आबांच्या अंगणात शेकोटीभोवती हुरडा झाला. कोवळी ज्वारीची कणसं निखाऱ्यात भाजून, हातावर चोळून, शेंगदाण्याच्या चटणीशी. मी इथेही काटेकोरपणे कागदावर घेतला आणि कमल हसली. “आजी, हातावर घ्या. कागदाला चव न्हाय.” घेतला. खरंच चव वेगळी लागली.

मी स्कॉटलंडच्या मेंढीचं पेपरातलं चित्र बरोबर आणलं होतं. ते आबांना दाखवलं आणि ईशाचा प्रश्न सांगितला. आबांनी कागद हाताच्या अंतरावर धरून बराच वेळ पाहिला.

“तीन आया म्हंता?”

“हो. एकीची पेशी, एकीचं बीजांड, एकीचं पोट.”

“ते कळलं. पर जल्मल्यावर चाटलं कुनी?”

ईशा, मी अख्खा लेख वाचला होता. त्यात ते लिहिलेलं नव्हतं.

कळस, गुरुवार

मी पहाटेच उठते हे तुम्हाला ठाऊक आहे. तोंड धुतलं, वेणी घातली आणि छत्री टेकत सोनाबाईंच्या गोठ्याकडे गेले. सोनाबाई पाणी आणायला गेल्या होत्या. आत पाहिलं तर टिकली शांत उभी, आणि कोकरू तिच्या कासेला लागलेलं. शेपटी हलत होती. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

पिऊन झाल्यावर ते माझ्याकडे आलं. अंग चिकट, मिठाने आणि आंबट दुधाने केस गुठळलेले, वर माश्या बसलेल्या. एवढं अशक्त पिल्लू, याला काही संसर्ग झाला तर? मी थर्मासमधलं कोमट पाणी टॉवेलवर घेतलं, साबण लावला आणि त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत स्वच्छ पुसलं. दुसऱ्या टॉवेलने कोरडं केलं. माधवी, तुला लहानपणी करत असे तसंच. पांढरंशुभ्र निघालं. मग ते टिकलीजवळ ठेवलं.

टिकलीने हुंगलं. तिचे कान मागे गेले. तिने डोकं खाली घातलं आणि कोकराला असा धक्का दिला की ते कुडाच्या भिंतीवर आपटलं.

मागे सोनाबाई हंडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हंडा खाली ठेवला, कोकरू उचललं, त्याच्या पाठीला नाक लावलं. साबणाचा वास आला असणार.

“बाई,” त्या म्हणाल्या, “तुमी त्येचं नाव पुसलं की.”

रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. मी बत्तीस वर्षं फळ्यावर ज्याची आकृती काढली, ते सगळं साबणाच्या एका वडीने विसरले होते. सुनंदा आली. तिने वाकून कोकराच्या बरगड्या चाचपल्या. कमलने विचारलं, “आजी, तुमच्यात लेकराला इतकं धुत्यात?” मी हो म्हणाले. आमच्याकडे बाळाला हात लावायच्या आधी पाहुण्यांनाही हात धुवायला लावतात. कमलने मान हलवली. तिच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत तिची सासू, आजेसासू, सगळ्या आधी बाळाच्या टाळूचा वास घेत असत. “मग ते घरचं व्हतं,” ती म्हणाली.

पुन्हा पहिल्यापासून. दूध, मीठ, दावं. पण आता टिकली संशयी झाली होती. दुपारपर्यंत तिने जीभही बाहेर काढली नाही. कोकरू मान टाकून पडलं. सोनाबाई टिकलीच्या मानेला हात घालून बसल्या होत्या आणि सोडत नव्हत्या. मी समोर बसले. माझी परतीची गाडी दुपारी होती, वहीत तसं लिहिलेलं होतं. ती गेली. माझ्या आयुष्यात मी ठरवलेली गाडी सोडल्याचं मला आठवत नाही.

संध्याकाळी सोनाबाईंनी एक केलं. त्या उठून उसाच्या रानात गेल्या आणि टिकली जिथे उभी राहून ओरडायची तिथलं ओंजळभर पाचट घेऊन आल्या. ती व्याली त्या वेळचं तिथे जे काही सांडलं, सुकलं असेल, ते सगळं त्या पाचटात. त्याने त्यांनी कोकराला चोळलं. टिकली हुंगत राहिली. खूप वेळ. मग तिच्या गळ्यातून एक आवाज आला, तोंड न उघडता, घुमल्यासारखा. तो तिच्या रानातल्या ओरडण्यासारखा नव्हता.

“बोलली,” सोनाबाई म्हणाल्या, आणि दावं सोडलं.

टिकली पळाली नाही.

कळस ते भवानीनगर, शुक्रवार

सकाळी मी गोठ्याच्या दारातून पाहिलं, हात मागे बांधून. कोकरू पीत होतं. टिकली त्याची शेपटी हुंगत होती आणि घुमत होती. मी आत गेले नाही.

आता कोकरू कुणाचं, हा प्रश्न होता. सोनाबाई म्हणाल्या, “तुमचं हाय. दूध तुटलं की घिऊन जावा.”

“एकदा आईपासनं तुटलं, आता आनि दुसऱ्यांदा तोडायचं?” कमल म्हणाली. “ऱ्हाऊ द्या तितंच. आबांनी इमानदारीनं दिलंय, वाया कशाला घालवायची इमानदारी?”

आबा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. “माझ्या वाड्यात न्हाय तर न्हाय. पर मोजताना माझ्यात धरा, डाक्टरीण बाई. भुरीला दोन झाली म्हनून लिवा.”

सुनंदाच्या वहीत ‘आई’ असा एकच रकाना होता. तिने पट्टी घेतली आणि त्या रकान्यात मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘भुरी’. उजवीकडे लिहिलं ‘टिकली’. मग माझ्याकडे पाहिलं, जणू मी तपासून सही करणार आहे. मी म्हणाले, “बरोबर आहे.”

तर ईशा, तुझ्या वर्गात तीन उत्तरं आली. आबांचं चौथं आहे, आणि ते मी माझं म्हणून देते: चाटलं कुणी, ते शोधून काढ.

निघताना सोनाबाईंनी मला हुलग्याचं गरम माडगं प्यायला दिलं. मी थर्मास उघडलाच नाही, त्यांच्याच हंड्यातलं पाणी प्यायले आणि मला काहीही झालं नाही. कमलने एक लहान काळी घोंगडी हातात ठेवली, आबांच्या मेंढरांच्या लोकरीची. “धाकटीला,” म्हणाली.

भवानीनगरला कारखान्याचा हंगाम जोरात होता. उसाने भरलेल्या गाड्यांची रांग, आणि हवेत रस उकळल्याचा जड गोड वास. त्या वासातही माझ्या पदराला टिकलीच्या गोठ्याचा वास येत होता. पुण्याला पोचेपर्यंत मी पदर नाकाशी धरून होते. शेजारच्या बाईंना वाटलं असेल, मला गाडी लागते.

आता घोंगडीबद्दल. वरच्या मजल्यावरच्या वहिनी पुढच्या आठवड्यात तिकडे येताहेत, त्यांच्याबरोबर ती पाठवते आहे. गेले पंधरा दिवस मी ती अंगावर घेऊन झोपले. टोचते. उन्हात टाकली नाही, झटकली नाही. दुपारी पडतानाही उशाशी घेतली. तिच्यात लोकरीचा वास आहे, थोडा धुराचा आहे, आणि माझ्या खोबरेल तेलाचा आणि माझा आहे. ताराच्या अंगावर घालू नका, टोचेल. पाळण्याच्या कठड्यावर टाका, तिच्या नाकापासून हातभर अंतरावर. मला यायला अजून किती महिने लागतील ठाऊक नाही, आणि ते दार कधी बंद होतं हे माणसांच्या बाबतीत कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

माधवी, हे शेवटचं तुला, आणि मुलांना वाचून दाखवलंस तरी चालेल. तू माझ्या हाताखाली वाढलेली आहेस. पार्सल उघडलंस की नाक मुरडशील आणि तुझे हात आपोआप साबणाकडे जातील.

धुऊ नकोस.

तुमची आजी